वैनीचं कुत्रं

अभिमन्यूनं गाडीचं मागचं दार उघडलं, तसा एक पांढरा गोळा सुटला आणि वनमालाबाईंच्या पायाला घासून थेट घरात शिरला. पुढच्या दारातून मागच्या अंगणात, तिथून वळून पुन्हा पुढं. केसरबाईनं जुन्या साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. तिसऱ्या फेरीला त्यानं त्या साडीवरून उडी मारली. चौथ्या फेरीला मारली नाही.

“आई, हा टर्बो,” अभिमन्यू म्हणाला. “जॅक रसेल टेरियर. फक्त थोडे दिवस ठेव.”

थोडे म्हणजे किती, ते त्यानं सांगितलं नाही. पुण्यात त्याचा सातव्या मजल्यावर फ्लॅट. मंजुषाला पाचवा महिना लागलेला. कुत्रं दिवसभर भुंकतं म्हणून सोसायटीच्या तीन चिठ्ठ्या आल्या होत्या आणि सोफ्याचा एक हात त्यानं पार आतल्या लाकडापर्यंत खाल्ला होता. अभिमन्यूनं व्हिडिओ बघूनच ते विकत घेतलं होतं. व्हिडिओत ते चेंडू झेलत होतं आणि लई गोड दिसत होतं. उरलेला दिवस ते काय करतं, हे व्हिडिओत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाण्याची एक पिशवी, एक पट्टा आणि छापलेले दोन कागद ठेवून तो पुण्याला परत गेला.

चकलांब्याच्या रस्त्यावरचं हे तळेकरांचं घर. चाळीस एकर रान, पुढं लोखंडी गेट, आत दोन गाड्या. मोहनराव तळेकर दोनदा पंचायत समितीवर निवडून आले होते आणि जिल्हा परिषदेची वाट बघत होते. घरात सकाळपासून दहा-पंधरा माणसं चहाला असायचीच. त्या सगळ्यांच्या देखत मोहनरावांनी कुत्र्याकडं पाहिलं आणि हसले. “एवढंसं? हे काय राखन करनार? आपल्या गोठ्यातलं मांजर ह्याच्याहून थोर हाय.”

माणसं हसली. टर्बो त्यांच्याकडं बघत उभा राहिला. उजव्या कानावर नि डोळ्यावर तपकिरी डाग, बाकी सगळा पांढरा, खरखरीत केसांचा, शेपूट दांडीसारखी ताठ. मग तो गोठ्याकडं गेला आणि त्या थोर मांजराला पत्र्यावर चढवून आला.

पहिले पंधरा दिवस घरातल्या कुणाला सुख म्हणून मिळालं नाही. मोकळा सोडला तर तो उकरायचा. कुंड्या उकरल्या, नळाच्या पायपाजवळ खड्डा पाडला, मोहनरावांच्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा नाहीसा केला. दोरीनं बांधला तर दोरी कुरतडायचा. साखळी घातली तर खुंट्याभोवती फिरत राहायचा, आणि भुंकायचा. चिडून नाही, रागानं नाही. एकसारखा, सांगायचं काहीतरी राहून गेल्यासारखा.

“वैनी, ह्याच्या अंगात येतंय,” केसरबाई म्हणाली. केसरबाई घरकामाला होती. पूर्वी नवऱ्यासोबत ऊसतोडीला जायची. मोळी उचलताना कंबर गेली तेव्हापासून ती तळेकरांच्या घरी भांडी-भाकरी करायची. “एखादा अंगारा बांधावा म्हनते मी.”

वनमालाबाईंनी चष्मा लावून ते दोन कागद वाचून काढले. ह्या जातीला दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात घडवलं होतं, कोल्ह्याच्या बिळात शिरायला. बिळात मावावं म्हणून छाती अरुंद, पाय आखूड. आत जमिनीखाली कुठं आहे ते वरच्या माणसांना कळावं म्हणून हा मोठा आवाज. हुशार, हट्टी, निडर. मांडीवर बसणारं कुत्रं नव्हे. काम दिलं नाही तर स्वतःच काम शोधतं, असं शेवटी लिहिलं होतं.

त्यांनी कागद खाली ठेवला. म्हणजे ह्याला काही झालेलं नव्हतं. तो जसा असायला हवा तसाच होता.

वनमालाबाई एक्कावन्न वर्षांच्या. माहेर अंबाजोगाईकडचं. कॉलेजात असताना खो-खो खेळायच्या, विभागापर्यंत गेल्या होत्या. लग्न होऊन ह्या घरात आल्या आणि तळेकरांच्या सुना पायी हिंडत नाहीत हे सासूबाईंकडून पहिल्याच आठवड्यात समजलं. कुठं जायचं तर गाडी, गाडीच्या काचा वर. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली होती, काचा अजून वरच होत्या.

सोळाव्या दिवशी उजाडता उजाडता त्यांनी पट्टा घेतला, मागचं दार उघडलं आणि त्या रानात निघाल्या.

पहिल्या दिवशी विहिरीपर्यंतच गेल्या. म्हणजे टर्बोनं त्यांना तिथपर्यंत ओढत नेलं. धाप लागली, गुडघे बोलायला लागले, चप्पल दोनदा निसटली. घरी आल्यावर मात्र कुत्रं वाटीभर पाणी प्यालं, त्यानं पायरीवर अंग टाकलं आणि दुपारपर्यंत हूं की चूं केलं नाही. केसरबाई दोनदा जाऊन त्याचा श्वास बघून आली.

मग रोजचंच झालं. विहिरीच्या पुढं नाला, नाल्याच्या पुढं बाभळीची रांग, त्याच्याही पुढं दुसऱ्यांची रानं. आपल्या घरचं रान कुठं संपतं हे वनमालाबाईंना सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं. पावसाळ्यात त्यांनी बूट मागवले. पदर खोचून चार-चार किलोमीटर चालायला लागल्या.

कुत्रंही हळूहळू कळायला लागलं. ओरडून बोलावलं तर तो ऐकायचा नाही, पण त्याच्याकडं पाठ करून चालायला लागलं की धावत यायचा. मोठी कुत्री दिसली की हा अंगानं त्यांच्या निम्मा, पण माघार म्हणून घ्यायचा नाही, ह्यालाच उचलून घ्यावं लागायचं. अभिमन्यूनं दिलेलं पिशवीतलं खाणं संपल्यावर तो दूध-भाकरीवर आला, आणि शिळी भाकरी ताजीपेक्षा जास्त आवडते हेही दाखवून दिलं. लाड करून घ्यायचा नाही. पण त्या बांधावर टेकल्या की त्यांच्या पावलाला पाठ लावून, तोंड बाहेर करून बसायचा. ती पाठ गरम असायची. तेवढीच त्याची माया. वनमालाबाईंना ती पुरायची.

नाव मात्र केसरबाईनं बदललं. टर्बो तिच्या तोंडात बसेना. टरब्या झालं, आणि गावभर तेच राहिलं.

श्रावणात शहादेवच्या उसाच्या बांधावर टरब्या दिसेनासा झाला. शहादेव दीड एकरवाला, तळेकरांच्या शेजारचा. बांधात एक भोक होतं आणि त्या भोकात पट्ट्याचं टोक सरपटत गेलेलं वनमालाबाईंनी पाहिलं. मग जमिनीच्या आतून आवाज यायला लागला. भुंकणं, पण माती तोंडात धरून भुंकल्यासारखं.

“शहादेव! ओ शहादेव! कुत्रं आत गेलं हो!”

शहादेव खोरं घेऊन पळत आला. आवाजाच्या रोखानं त्यानं बांध फोडायला सुरुवात केली. हातभर उकरलं, दोन हात उकरलं. वनमालाबाई गुडघ्यावर बसून हातानं माती ओढत होत्या, साडीचं त्यांना भान नव्हतं. अखेर मातीतून आधी शेपूट आली, मग मागचे पाय, मग सगळा टरब्या उलटा बाहेर आला. त्याच्या तोंडात त्याच्याच डोक्याएवढी घूस होती. त्यानं ती एकदा, एकदाच झटकली आणि खाली टाकली. नाक फाटलं होतं, रक्त गळत होतं. तो वनमालाबाईंकडं बघत शेपूट हलवत होता.

शहादेव खोऱ्यावर रेलून हसत सुटला. “वैनी, ह्ये कुत्रं न्हाई, ह्ये मिशीन हाय! दोन वर्सं झाली, ह्या घुशींनी माझा निम्मा ऊस कातरलाय. औषिद टाकून टाकून थकलो मी.”

त्या दिवशी टरब्यानं तिथंच आणखी तीन काढल्या.

ही गोष्ट गावात पसरायला वेळ लागला नाही. आठ दिवसांत तळेकरांच्या गेटवर माणूस आला, तो साहेबांना विचारत नव्हता. “वैनी हायत का? आमच्या बांधावर घुशी लई झाल्यात. कुत्रं घेऊन येता का?”

वनमालाबाई गेल्या. मग दुसऱ्या वस्तीवर गेल्या, तिसऱ्या. घूस धरणं म्हणजे मुख्यतः वाट बघणं. कुत्रं आत, माणसं बाहेर. त्या वेळात बायका पत्र्याच्या शेडमधून चहा आणायच्या आणि बोलायला बसायच्या. कुणाचं बिऱ्हाड दिवाळीनंतर कुठल्या कारखान्याला जाणार, कुणाच्या पोरीची शाळा त्यामुळं सुटली, कुणाच्या हातपंपाला कधीपासून पाणी नाही. वनमालाबाई फारसं बोलायच्या नाहीत, डोळा बिळाकडं असायचा, पण ऐकायच्या. कुणी काही मागायचं नाही, त्याही काही कबूल करायच्या नाहीत. अशी पाच-सहा गावं त्यांच्या पायाखालून गेली. शहादेवनं एकदा त्यांचा फोटो काढला, बांधावर टरब्यासोबत, तोंडावर चिखल, हसताना. तो किती फोनांत फिरला ते त्यांना नंतर कळलं.

मोहनरावांना हे पसंत नव्हतं. “लोक काय म्हनत असतील? तळेकराची बायको उंदरं मारत हिंडती.”

“लोकच बोलावतात,” वनमालाबाई म्हणाल्या.

“बोलावलं म्हनून जायाचं कावून? तू काय…”

मग जिल्हा परिषदेच्या आरक्षणाची सोडत निघाली. त्यांचा गट महिलेला सुटला. मोहनराव बीडहून आले ते तोंड पाडूनच आले, चपला न काढता खुर्चीत बसले. वनमालाबाईंनी पाणी दिलं. पेला तोंडाला लावता लावता ते थांबले आणि बायकोकडं बघायला लागले. बैल निवडताना बघावं तसं, वरपासून खालपर्यंत.

“लोक तुला वळखतेत,” ते म्हणाले.

एवढंच. विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत गेटवर आलेल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं की वैनी उभ्या राहणार. वनमालाबाईंना स्वयंपाकघरात ते केसरबाईकडून कळलं. वाईट वाटलं का? पुरतं नाही. हातपंप, पोरींची शाळा, काय काय मनात येऊन गेलं. आपण काही करू शकू असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटलं ह्याचंच नवल वाटलं.

तिकीट मात्र सोमेश्वरबापूंच्या हातात होतं. पक्षाचं जिल्ह्यातलं सगळं बापू ठरवायचे. आणखी दोन घरांनी आपापल्या बायकांसाठी त्यांच्या मागं लकडा लावला होता. मोहनरावांनी महिनाभर फेऱ्या मारल्या आणि दत्त जयंतीच्या आधी दहा-बारा दिवस बापू त्यांच्या घरी जेवायला आले. सोबत दहा वर्षांची नात होती, करिष्मा.

जेवण झालं. बापू काही बोलत नव्हते. हो नाही, ना नाही. बैठकीत चौदा-पंधरा माणसं आणि सगळी गप्प. वनमालाबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि त्यांच्या मागं टरब्या आला. करिष्माच्या हातात बिस्किट होतं. टरब्यानं जागच्या जागी सरळ वर उडी मारली, पोरीच्या डोक्याच्या उंचीला, आणि बिस्किट घेऊन खाली आला. पोरगी किंचाळली, मग हसायला लागली. “पुन्हा!” टरब्यानं पुन्हा मारली. दहा वेळा मारली. बैठक हसायला लागली. दुपारभर न हसलेले बापू पोट धरून हसले.

“आबा, मला हाच पाहिजे.”

“असं मागायचं न्हाई बाळा,” बापू म्हणाले. म्हणताना त्यांची नजर मोहनरावांवर होती.

मोहनरावांनी मधे श्वाससुद्धा घेतला नाही. “मागायचं काय त्यात, बापू? तुमचंच हाय. करिष्माबाळ, घेऊन जा तू.”

“त्याला पळायला लागतं,” ट्रे हातात धरूनच वनमालाबाई म्हणाल्या. “रोज चार-पाच किलोमीटर. बांधलेलं त्याला चालत न्हाई. उकरतो, उड्या मारतो. बंगल्यात न्हाई जमायचं त्याचं, बापू.”

बापूंनी मान डोलवली. “ऐकलं का गं करिष्मा? वैनी काय सांगतायत ते नीट ध्यानात ठेव. रोज फिरवायचं, बांधायचं न्हाई.”

“लई जीव लावलाय तिनं,” मोहनराव हसून म्हणाले. “म्हनून सगळं समजावून सांगतीय.”

आणि त्यांचा नकार तिथंच कुत्रं कसं सांभाळावं ह्याची माहिती होऊन गेला. अजून एक वाक्य होतं. मी देणार नाही. ओठावर आलं होतं. चौदा-पंधरा माणसं त्यांच्याकडं बघत होती, आणि त्यांनी ट्रे खाली ठेवला.

टरब्याला गाडीत घालावं लागलं नाही. दार उघडं दिसताच तो स्वतःच आत चढला. गाडीत बसायला त्याला आवडायचं. काचेला पुढचे पाय लावून तो बाहेर बघत होता, वैनी कधी चढतात ह्याची वाट बघत. गाडी गेटबाहेर पडली तरी तो तसाच उभा होता.

तीन आठवड्यांनी उमेदवारी जाहीर झाली. घरासमोर फटाके वाजले.

पुढं सगळी धावपळच. सकाळी सातला गाडी, गळ्यात मफलर, हात जोडलेले. प्रत्येक वस्तीवर मोहनराव बोलायचे आणि वनमालाबाई शेवटी नमस्कार करायच्या. लोक त्यांनाच विचारायचे. “वैनी, टरब्या न्हाई आणला?” त्या काही म्हणायच्या आत मोहनराव पुढं व्हायचे. “टरब्या आता बीडला गेलाय, बापूंच्या बंगल्यावर. आपल्याआधी त्याचं प्रमोशन झालं!” लोक खिदळायचे.

पत्रकावर शहादेवनं काढलेला तो फोटो छापला होता. बांधावर वैनी, पायाशी टरब्या. खाली मोठ्या अक्षरात, ‘शेतकऱ्यांच्या बांधावरची वैनी’. पत्रकांचे गठ्ठे घरभर पडले होते. वनमालाबाई जाता-येता त्यातला कुत्रा बघायच्या आणि दर दोन-चार दिवसांनी नवऱ्याला विचारायच्या.

“मजेत हाय,” मोहनराव फोनमधून डोकं वर न काढता म्हणायचे. “ती पोरगी खाली ठेवीना त्याला.”

“एकदा बघून येऊ का?”

“आता? फॉर्म, सभा, हे सगळं सोडून? निवडून ये, मग बापूंकडं जायचंच हाय.”

मतदानाच्या दिवशी कारखान्यांवरून ऊसतोड कामगारांच्या गाड्या आल्या, भरभरून. माणसं उतरली, मतं दिली, त्याच गाड्यांनी परत फडावर गेली. वनमालाबाई अकराशे मतांनी निवडून आल्या. गुलाल मोहनरावांच्या अंगावर जास्त होता.

चार दिवसांनी बापूंच्या बंगल्यावर सत्काराला बोलावणं आलं. वनमालाबाईंनी निघताना शिळ्या भाकरीचा अर्धा तुकडा कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

दुपारची वेळ. हॉल माणसांनी भरलेला, अजून निवडून आलेले सात-आठ जण हार घ्यायला बसलेले. करिष्मा कुठं दिसली नाही. कुत्र्याचा आवाजही आला नाही. पाणी प्यायचं निमित्त करून वनमालाबाई मागं गेल्या. मागच्या मोरीवर एक बाई मोठाली पातेली घासत होती. नाव विचारलं तर म्हणाली, साखराबाई.

“साखराबाई, ते पांढरं कुत्रं कुठं असतं? बारकं, कानावर तपकिरी डाग.”

साखराबाईचे हात थांबले. “त्ये व्हय,” ती म्हणाली आणि इकडं-तिकडं बघितलं. “तुमी कोन त्येच्या?”

“आमच्याकडनं आणलं होतं ते.”

“मंग तुमाला ठाव असंल की, बाई.”

“काय?”

साखराबाई राख लागलेले हात पदराला न पुसता तशीच उभी राहिली. “आलं त्याच्या तिसऱ्या दिशी त्येनं फुडची समदी हिरवळ उकरली. लई खर्चाची हिरवळ म्हनं. मंग मान्सांनी साखळीनं हितं बांधलं, ह्या भितीजवळच्या खुट्याला. दिसभर भुकायचं. दीदीची शाळा, क्लास, तिला कुठला येळ. दत्त जयंतीच्या आदल्या दिशी सकाळच्या पारी पल्याडच्या रस्त्यानं मांजर गेलं का काय की, त्येनं भितीवरनं उडी टाकली. साखळी पुरली न्हाई, बाई. भितीच्या पल्याड लोंबत व्हतं. आमी आत. भुकायचं थांबलं तवा आमी म्हनलो, गप बसलं एकदाचं.”

भिंत फार उंच नव्हती. वनमालाबाईंच्या खांद्याएवढी. खुंट्याभोवती गोल चर पडलेली अजून दिसत होती.

“मग काय केलं त्याचं?”

“घंटागाडी आलती तेवढ्यात.”

साखराबाईला राहवलं नाही. “तुमच्या सायबांना त्याच दिशी फोन केलता हितून. मी हितंच व्हते. आमचे सायब म्हनत व्हते, मोहनराव, वाईट झालं. अन मंग म्हनले, बरं, बरं, तुमी म्हनता तर आमी कुनीच काढीत न्हाई तुमच्या घरी विषय.”

दत्त जयंतीच्या आदल्या दिवशी. म्हणजे तिकीट जाहीर व्हायच्या आधी. पत्रकं छापायच्या कितीतरी आधी.

आतून कुणीतरी हाक मारली. त्यांचं नाव पुकारलं होतं. वनमालाबाई हॉलमध्ये गेल्या, हार घेतला, शाल घेतली. माईक हातात आला. मोहनरावांनी चार ओळी लिहून दिल्या होत्या, तो कागद त्यांनी उघडला आणि वाचला. त्यात बापूंचे दोन वेळा आभार होते. दोन्ही वेळा त्यांनी मानले.

परतीच्या वाटेवर गेवराईजवळ ट्रकांची रांग लागली होती. गाडी उभी होती तेव्हा त्यांनी विचारलं, “तुम्हाला ठाऊक होतं?”

मोहनरावांनी ड्रायव्हरच्या पाठीकडं बघितलं. “कुनी सांगितलं?”

“ठाऊक होतं का?”

“आता प्रचाराच्या तोंडावर तुला सांगून काय करायचं व्हतं? रडत बसली असतीस. लोक तोंडाकडं बघतेत उमेदवाराच्या.” मग समजूत काढल्यासारखं म्हणाले, “अगं, एक कुत्रं गेलं. गट आला की आपला.”

घरी आल्यावर त्यांनी अभिमन्यूला फोन लावला. त्यानं ऐकून घेतलं, मधे एकदाही ‘काय?’ म्हणाला नाही. वनमालाबाई थांबल्या.

“तुलाही माहीत होतं.”

“आई, बाबा म्हणाले, निवडणुकीपर्यंत तुला सांगू नको. तुला त्रास होईल म्हणूनच ना…” पलीकडं बाळ रडत होतं, मंजुषा काहीतरी म्हणत होती. “मी दुसरं आणून देतो. त्याच ब्रीडरकडं आहेत पिल्लं.”

“नको,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आठवड्यानं छापून आलेली लेटरपॅडं टेबलावर ठेवली गेली. सौ. वनमाला मोहनराव तळेकर, सदस्य, जिल्हा परिषद. मोहनरावांनी शंभर कोऱ्या कागदांचा गठ्ठा त्यांच्यापुढं सरकवला. “खाली सह्या करून ठेव. मान्सं येतेत, दर वेळी तुला कुठं उठवायचं.”

वनमालाबाईंनी पेन घेतलं नाही. गठ्ठा होता तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्या दिवशीही. मोहनराव एकदा ओरडले, एकदा गोडीनं बोलले. त्या जेवण वाढत होत्या, विचारलेल्याला उत्तर देत होत्या, पेनाला हात लावत नव्हत्या. त्यांना वाटलं, एवढं तरी आपल्या हातात आहे. चौथ्या दिवशी टेबलावर गठ्ठा दिसला नाही. मोहनरावांनी सह्यांचा विषयही काढला नाही, आणि आपलं जमलं असं वनमालाबाईंना वाटलं.

जूनमध्ये केसरबाई सकाळी पेढे घेऊन आली. तिच्या थोरल्या पोरीला, मनिषाला, गेवराईच्या वसतिगृहात प्रवेश मिळाला होता. ऊसतोडीच्या घरातली पोर, आठवीत शाळा सुटायची वेळ आली होती.

“तुमच्या पत्रामुळं झालं, वैनी,” ती म्हणाली. पिशवीतून प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवलेली झेरॉक्स काढली. “मनिषा म्हनली, वैनीची सही हाय, जपून ठेव.”

वनमालाबाईंनी कागद हातात घेतला. मजकूर टाइप केलेला. खाली निळ्या शाईत वनमाला मो. तळेकर. त्यांची सही शाळकरी अक्षरातली, सरळ, एकेक अक्षर सुटं. कागदावरची तशीच होती. त्यांच्याहून नेटकी. मोहनरावांचा पुतण्या विजयसिंह हल्ली सकाळी तासभर वरच्या खोलीत बसायचा, तो काय करतो ते त्यांना आत्ता समजलं. शंभरच्या शंभर सह्या होऊन गेल्या असतील. कुणाकुणाला, कशाकशासाठी, ते विचारायची सोय नव्हती.

केसरबाई त्यांच्या तोंडाकडं बघत होती. “काय चुकलं का वैनी त्यात? सही तुमचीच हाय ना? वसतिगृहावाले म्हनत व्हते, खोटं निघालं तर नाव काढून टाकू.”

“माझीच आहे,” वनमालाबाई म्हणाल्या.

त्यांनी कागद कव्हरात नीट घालून दिला आणि हात पुढं करून पेढा घेतला.